बाथरूमची गळती, ९० हजारांचं काम आणि 'बिनव्याजी' क्रेडिट कार्ड

तिसरा_मजला – ३ एप्रिल, रात्री ९:४०

डोंबिवली, २६ वर्षं जुनी सोसायटी, तिसरा मजला. खालच्यांच्या बाथरूमच्या छताला ओल आली आहे आणि पापुद्रे पडताहेत. गळती आतली असल्याने खर्च सभासदाचा, असं सोसायटीचं पत्र आलं आहे.

बाथरूम ८ बाय ५ फूट, संकन स्लॅब (पाइप आणि भराव मावावा म्हणून खाली घेतलेला), खोली ९ इंच. ठेकेदाराने ९० हजार सांगितले आहेत, त्यात साहित्य ५२ आणि मजुरी ३८. साहित्याची यादी अशी:

टाइल्स २२५ चौ. फूट, ५५ च्या भावाने: १२,४००
टाइल अ‍ॅडेसिव्ह ६ बॅगा: २,७००
एपॉक्सी ग्राउट (टाइल्सचे सांधे भरायला) ४ किलो: १,८००
डायव्हर्टर, शॉवर, नळ, कमोड: १६,०००
वॉटरप्रूफिंग केमिकल, १५ किलोचे २ संच: ५,०००
सिमेंट ८ बॅगा: ३,२००
सीपीव्हीसी पाइप, नहाणी ट्रॅप (जमिनीतलं पाणी जायचं भांडं), निचरा पाइप: ६,४००
वाळू आणि भराव: ४,५००

हातात ५० हजार आहेत. पगारातून महिन्याला ९ हजार बाजूला पडतात, या महिन्याचे त्या ५० मध्ये धरले आहेत. कार्डाची मर्यादा १ लाख २० हजार, स्टेटमेंट १२ तारखेला, भरणा त्यानंतर १८ दिवसांनी. टाइल्स-सॅनिटरीच्या दुकानात '६ हप्ते, नो कॉस्ट ईएमआय' अशी पाटी आहे आणि यादीतल्या पहिल्या चार बाबी तिथेच मिळतात (सुमारे ३३ हजार). १३ एप्रिलला काम सुरू करायचा विचार आहे. हा मार्ग खरंच बिनव्याजी आहे का? आणि अंदाजपत्रकात काही खटकतंय का?

हिशेबी – ३ एप्रिल, रात्री १०:२५

कार्डावर 'बिनव्याजी' नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. त्यांची सरमिसळ झाली की घोटाळा होतो.

पहिली, खरेदी ते भरणा यामधली मुदत. तुमच्या तारखांनी १३ एप्रिलची खरेदी १२ मेच्या बिलात येईल आणि ३० मेपर्यंत भरायची, म्हणजे ४७ दिवस फुकट. तीच खरेदी ११ एप्रिलला केली तर १२ एप्रिलच्याच बिलात जाते आणि ३० एप्रिलला पैसे द्यावे लागतात, हाती उरतात १९ दिवस. दोन दिवसांच्या फरकाने महिना जातो. म्हणून स्टेटमेंटच्या दुसऱ्या दिवशी खरेदी. एक अट मात्र आहे: आधीच्या बिलातली एक रुपयाचीही बाकी पुढे ओढलेली नसावी. तशी असेल तर नव्या खरेदीला फुकटची मुदतच मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

दुसरी, नो कॉस्ट ईएमआय. यात व्याज असतंच, फक्त तेवढी सूट कंपनी किंवा दुकानदार आधी देतो. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच शून्य टक्के योजनांवर बडगा उगारला होता. २०२२ च्या कार्ड-निर्देशांत स्पष्ट आहे की मुद्दल, व्याज आणि सूट हप्ते करण्याआधी वेगवेगळी दाखवायची, बिलातही तशीच दाखवायची, आणि व्याजाचा हप्ता 'बिनव्याजी' म्हणून खपवायचा नाही.

तुमचा आकडा घेऊ. ३३ हजार, ६ हप्ते ५,५०० चे, बँकेचा दर १५ टक्के धरला. बँक तुम्हाला ३१,६०३ चं कर्ज देते आणि १,३९७ व्याज घेते. हे १,३९७ सूट म्हणून वजा झालेले असतात, इथपर्यंत पाटी खरी. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो: २५१ रुपये. प्रोसेसिंग फी १९९ धरली तर जीएसटीसह २३५. एकूण ४८६ खिशातून. सूट व्याजाची मिळते, कराची आणि फीची नाही.

आता खरा प्रश्न दुकानदाराला विचारायचा: "कार्ड नको, आत्ता सगळे पैसे यूपीआयने दिले तर किती?" टाइल्सच्या धंद्यात भाव हलतो. त्याने ५ टक्के सोडले तर १,६५० गेले. ४८६ मिळवले तर हप्त्यांची किंमत २,१३६. सहा महिन्यांत मुद्दल हळूहळू फिटत जातं, म्हणून याचा वार्षिक दर निघतो सुमारे २३ टक्के. दुकानदार दमडीही सोडत नसेल तर मात्र ४८६ रुपयांत सहा महिने पैसे वापरायला मिळताहेत. ते स्वस्तच आहे.

ओळंबा – ४ एप्रिल, सकाळी ७:१५

पैशाचं नंतर बघू. गळती कुठून आहे हे कोणी तपासलंय का? ९० हजारांच्या अंदाजपत्रकात तपासणीची ओळच नाही, आणि मला सगळ्यात जास्त तेच खटकतंय.

खालच्या छताची ओल दिवसरात्र सारखीच असेल, बाथरूम वापरलं नाही तरी वाढत असेल, तर संशय दाबाच्या पाण्याच्या लाइनवर. सगळे नळ बंद करून बाथरूमचा व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवा. लाइनला प्लंबरचा टेस्टिंग पंप लावून कामाच्या दाबाच्या दीडपट दाब दिला आणि काटा खाली आला, तर गळती पाइपात आहे. फक्त आंघोळीनंतर थेंब पडत असतील तर नहाणी ट्रॅप, त्याचा सांधा किंवा जमीन. ट्रॅपला बूच मारून जमिनीवर दीड इंच रंगीत पाणी साठवा. चोवीस तासांत खाली रंग दिसला तर जमीन दोषी. नाही दिसला, तर पाणी सोडून ट्रॅपवरून बादल्या ओता आणि खाली बघा. कमोडमागची ओल वेगळी, ती बहुतेक वेळा कमोडच्या जोडाची असते.

डक्टच्या (उभ्या पाइपांसाठी सोडलेल्या मोकळ्या जागेच्या) भिंतीलगत ओल असेल तर बाहेरचे उभे पाइप बघा. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या सामायिक पाइपलाइनची, ड्रेनेजची आणि पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते. सभासदाकडे येते ती आतल्या संडास-सिंकची. सोसायटीचं पत्र कोणत्या तपासणीवर आधारलं आहे ते लेखी मागा. इमारत २६ वर्षांची म्हणजे दर ५ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं, ३० नंतर दर ३ वर्षांनी. त्या अहवालात तुमच्या बाथरूमचा उल्लेख आहे का तेही पाहा.

नुसता ट्रॅप किंवा पाइपाचा एक एल्बो (कोपऱ्याचा जोड) गेला असेल तर काम दहा-पंधरा हजारांत आटोपतं आणि हा धागा इथेच संपतो.

जमाखर्च – ४ एप्रिल, सकाळी ११:०५

ओळंबाकाका बरोबर आहेत. पण पूर्ण काम निघालंच, तर पैसे कुठून कुठे जातील ते तारखांवर मांडू. तीन गठ्ठे करा.

मजुरी ३८,००० आणि वाळू-भराव ४,५०० हे रोख किंवा यूपीआय, कार्डाचा संबंध नाही. टाइल्सच्या दुकानाचे ३३ हजार हप्त्यांवर, महिना ५,५००. केमिकल, सिमेंट आणि पाइप मिळून १४,६०० हार्डवेअरच्या दुकानात कार्डाने, पण हप्ते न करता. ते पुढच्या बिलात एकरकमी.

१३ एप्रिलला सुरुवात केली तर ३० मेपर्यंत बाहेर जाणार: ३८,००० + ४,५०० + १४,६०० + ५,५०० + फी आणि कर सुमारे ३०० = ६२,९००. तोपर्यंत हातात ५० अधिक मेचे ९, म्हणजे ५९ हजार. ३,९०० कमी पडतात. आणि तोडफोडीत काही भलतंच निघालं तर त्यासाठी शून्य रुपये आहेत.

तेच काम १३ मेला सुरू केलं तर भरणा ३० जूनला, ४८ दिवस मिळतात आणि हातात ६८ हजार. खर्च तोच, ५,१०० उरतात. बाथरूमची गळती पावसावर अवलंबून नाही. एप्रिल तपासणीत घालवा. खालच्यांना आणि कमिटीला तारीख लेखी द्या, म्हणजे टाळाटाळ वाटणार नाही.

हप्त्यांच्या मशीनबद्दल थोडं. कार्ड घासण्याआधी दुकानदाराला स्क्रीनवर तुमच्या बँकेचं नाव, ६ महिने, व्याजदर आणि सुटीची रक्कम दाखवायला सांगा. चिठ्ठीवर या चारही गोष्टी छापलेल्या हव्यात. कधी कधी घाईत साधा व्यवहार होतो आणि दुकानदार "बँक आपोआप हप्ते करेल" म्हणतो. तसं होत नाही. नंतर अ‍ॅपमधून केलेले हप्ते व्याजाचे असतात, त्यात दुकानाची सूट नसते. तीन-चार दिवसांनी अ‍ॅपमध्ये हप्ता नोंदला गेला का बघा. १२ तारखेच्या आत लक्षात आलं तर निस्तरता येतं.

तिसरा_मजला – ४ एप्रिल, रात्री ८:५०

सगळ्यांचे आभार. तपासणी या आठवड्यात करून घेतो. ठेकेदाराशी बोललो, तो म्हणतो मजुरीही कार्डावर बसवता येईल. त्याच्या ओळखीच्या हार्डवेअरवाल्याकडे ३८ हजार स्वाइप करायचे, तो २ टक्के कापून रोख देईल. मग हाताशी असलेले ५० तसेच राहतील. यात अडचण आहे का?

हिशेबी – ४ एप्रिल, रात्री ९:१०

आहे, आणि मोठी. माल न घेता स्वाइप करून रोख घेणं कार्डाच्या अटींत बसत नाही. बँकेच्या लक्षात आलं तर कार्ड बंद होतं आणि सगळी बाकी एकदम मागितली जाते. वर ३८ हजारांच्या खोट्या खरेदीचं बिल तुमच्या नावावर राहतं. उद्या काम फसलं तर तक्रार कशाची करणार? न घेतलेल्या सिमेंटची?

हिशेबानेही परवडत नाही. ४८ दिवसांसाठी २ टक्के म्हणजे वर्षाला १५ टक्क्यांच्या वर, आणि ३० जूनला ३८ हजार एकरकमी द्यायचेच आहेत. एटीएममधून कार्डावर रोख काढणं त्याहून वाईट: साधारण अडीच टक्के शुल्क, आणि व्याज काढल्या दिवसापासून. तिथे फुकटची मुदत नसतेच.

रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, पण ते व्यापारी क्यूआरवर चालतं. मिस्त्रीच्या वैयक्तिक नंबरवर जात नाही.

खडीसाखर – ५ एप्रिल, सकाळी ९:३०

मजुरी कार्डावर नसलेलीच बरी. रोखीतला पैसा तुमच्या हातात राहतो तोवर कामावर पकड राहते. ३८ हजारांचे टप्पे पाडा: सुरुवातीला ७,६००, पाण्याची पहिली चाचणी पास झाली की ११,४००, टाइल्स बसल्या की १५,२००, आणि शेवटचे ३,८०० महिनाभर वापरून झाल्यावर. चार ओळींच्या कागदावर दोघांच्या सह्या. "अर्धे आगाऊ द्या, मजूर गावाला चाललेत" हे मे महिन्यात हमखास ऐकू येतं. द्यायचे नाहीत.

टेम्सकाठी – ५ एप्रिल, दुपारी २:१५

एक खुलासा, कारण यूट्यूबवर इंग्रजी व्हिडिओ पाहून लोक गोंधळतात. इथे ब्रिटनमध्ये शून्य टक्क्यांचं कार्ड खरोखर मिळतं. ठरावीक महिने खरेदीच्या बाकीवर व्याज नाही, दर महिन्याला किमान रक्कम भरत राहायची, मुदत संपायच्या आत उरलेली फेडायची. किमान रक्कम चुकली तर सवलत जाऊ शकते. शिवाय १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्टचं कलम ७५ आहे: वस्तू किंवा काम १०० पौंडांहून महाग आणि ३० हजार पौंडांपर्यंतचं असेल, तर ठेकेदाराइतकीच कार्ड कंपनीही जबाबदार. नुसती अनामत कार्डाने दिली तरी पूर्ण रकमेला संरक्षण. म्हणून इथे घरदुरुस्ती कार्डावर करा असा सल्ला देतात.

भारतातल्या कार्डावर किमान रक्कम भरून उरलेल्यावर व्याज नाही, असं काही नसतं. तो सल्ला तिकडे लागू करू नका.

हिशेबी – ५ एप्रिल, दुपारी ३:००

हे चांगलं सांगितलंत. 'किमान देय' या शब्दाने इथे भल्याभल्यांना बुडवलं आहे. बँकांच्या अटीपत्रकात जशी उदाहरणं असतात तसं एक देतो.

४० हजारांची खरेदी १३ मेला. ३० जूनला ३९ हजार भरले, १ हजार राहिले. दर महिना ३.६ टक्के, म्हणजे वर्षाला ४३.२. व्याज १ हजारावर लागेल असं वाटतं ना? काही बँकांच्या पद्धतीत ते लागतं ४० हजारांवर, १३ मेपासून ३० जूनपर्यंत, ४८ दिवसांचं: २,२७२. त्यावर जीएसटी ४०९. हजार रुपये राहिले म्हणून २,६८१ चा भुर्दंड, आणि पुढच्या महिन्याच्या किराण्यालाही फुकटची मुदत नाही.

म्हणून ऑटोपे लावताना 'पूर्ण देय' निवडा. पुष्कळ ठिकाणी आधीपासून 'किमान देय'वर खूण असते. हप्त्यांची रक्कम बिलातल्या पूर्ण देयात येतेच, पण उरलेलं मुद्दल येत नाही, तेव्हा घाबरायचं कारण नाही.

३३ हजारांचे हप्ते केले की मर्यादेतले तेवढे पैसे अडकतात आणि हप्ता भराल तसे सुटतात. त्यावर हार्डवेअरचे १४,६०० आणि घरखर्च धरला तर १ लाख २० हजारांपैकी निम्म्याच्या आसपास वापर दिसेल. सहा महिन्यांत घराचं किंवा गाडीचं कर्ज मागायचं असेल तर क्रेडिट स्कोअरवर त्याचा थोडा परिणाम होतो. नसेल तर सोडून द्या.

अधिकमास – ५ एप्रिल, संध्याकाळी ६:२०

मला हा सगळा द्राविडी प्राणायाम वाटतो. नोकरीत पगारदार पतसंस्था असेल तर सरळ ४० हजारांचं कर्ज घ्या. ११ टक्क्यांनी १२ महिने, हप्ता ३,५३५, एकूण व्याज सुमारे २,४२०. रोख पैसे हातात, दुकानदाराकडे घासाघीस करता येते, मजुरीही त्यातूनच. ४३ टक्क्यांची टांगती तलवार नाही. पगारातून परस्पर कपात होते, विसरायचा प्रश्नच नाही.

जमाखर्च – ५ एप्रिल, संध्याकाळी ७:०५

पतसंस्थेचा सभासद असाल तर सहमत. नसाल तर शेअर्सची रक्कम, दोन जामीनदार आणि कमिटीच्या बैठकीची वाट, एवढं सगळं येतं. गृहकर्ज चालू असेल तर बँकेकडून टॉप-अपही मिळतं, दर बराच कमी असतो, पण ४० हजारांसाठी फी आणि कागदपत्रं अंगावर येतात. ते दोन-तीन लाखांच्या कामाला शोभतं. जुन्या करप्रणालीत असाल तर राहत्या घराच्या दुरुस्तीसाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजाला वर्षाला ३० हजारांपर्यंत वजावट आहे, पण इतक्या छोट्या रकमेवर त्यातून फार काही वाचत नाही.

माझ्या मते क्रम असा: आधी दुकानाचा रोखीचा भाव विचारा. सूट ३ टक्क्यांहून जास्त असेल तर पतसंस्था, नसेल तर दुकानाचे हप्ते.

ओळंबा – ६ एप्रिल, सकाळी ७:४०

आता कामाविषयी. दुसऱ्यांदा करायला लागलं तर वरचे सगळे हिशेब पाण्यात.

तोडफोड हलक्या ब्रेकरने, मोठा हातोडा नको. संकनमधला जुना भराव पूर्ण काढायचा, स्लॅब दिसेपर्यंत. "वरचा कोबा काढून केमिकल मारतो" म्हणणारा मिस्त्री नको. खालच्या भरावात पाणी साठलेलं असतं आणि ते महिनोन्‌महिने झिरपत राहतं. सळ्या उघड्या दिसल्या तर तारेच्या ब्रशने गंज काढून गंजरोधक लेप आणि पॉलिमर मॉर्टर. यासाठीच ते उरणारे पाच हजार बाजूला ठेवायचे.

प्लंबिंग आधी. पाइप जमिनीखालून नेण्यापेक्षा भिंतीतून वरून खाली आणले तर पुढे दुरुस्ती सोपी. सीपीव्हीसीला सीपीव्हीसीचंच सोल्व्हेंट, पीव्हीसीचं चालत नाही. भिंती बंद करायच्या आधी लाइनला दाब देऊन रात्रभर ठेवा.

जमीन आणि भिंत जिथे मिळतात तिथे १:३ च्या मसाल्याचा दोन इंची गोला (गोलसर केलेला कोपरा). काटकोनात केमिकल मारलं की तडा तिथेच जातो. पाइप स्लॅबमधून जातो तिथे भोवती न आकसणारं ग्राउट, वर जाळीची पट्टी.

केमिकल दोन घटकांचं असतं, पावडर आणि द्रव. संच अख्खा मिसळा, अंदाजाने अर्धा नको, आणि वरून पाणी तर मुळीच नको. ९० टक्के फसलेली कामं तिथेच फसतात असं माझं मत आहे. पृष्ठभाग ओलसर हवा, पाणी साचलेलं नको. पहिला हात आडवा, ४ ते ६ तासांनी दुसरा उभा. तीन दिवस थांबा. मग ट्रॅपला बूच, दोन इंच पाणी, भिंतीवर पेन्सिलने खूण, ४८ तास. खाली जाऊन छताचा फोटो काढा, खालच्यांना दाखवा. मजुरीचा दुसरा टप्पा यानंतर.

संकनच्या तळाला निचऱ्याचा पाइप डक्टमध्ये काढा. उद्या पाणी उतरलंच तर स्लॅबमध्ये न मुरता बाहेर येईल आणि कळेलही. भराव एएसी ब्लॉकच्या तुकड्यांचा, वजनाला हलका. तोडलेलं डेब्रिज परत त्याच खड्ड्यात टाकू देऊ नका, पैसे वाचवायला हे सर्रास होतं. डेब्रिज उचलण्याचा खर्च मजुरीत आहे का ते आत्ताच विचारा.

वर दोन इंच कोबा, ट्रॅपकडे उतार ८० ला १, म्हणजे ८ फुटांत सव्वा इंच. कोब्यावर पुन्हा दोन हात, भिंतीवर एक फूट, शॉवरच्या कोपऱ्यात सहा फूट. पुन्हा २४ तास पाणी.

तुमच्या यादीतलं केमिकल मोजलं: संकनचा तळ आणि बाजू ६० चौ. फूट, कोबा आणि भिंतीची पट्टी ६६, शॉवरच्या भिंती ३०. एकूण १५६ चौ. फूट, म्हणजे साडेचौदा चौ. मीटर. दोन हातांना चौ. मीटरला २ किलोपर्यंत धरा, २९ किलो होतात. ३० किलो जेमतेम पुरेल. मिस्त्री "एक संच उरवून देतो" म्हणाला तर समजा, तो एकच हात मारणार आहे. पिशवीवरची उत्पादन-तारीख बघून घ्या, जुना साठा स्वस्त मिळतो आणि तो नंतर महाग पडतो.

एपॉक्सी ग्राउट म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. फरशी न फोडता सांधे भरून देतो म्हणणारे असतात. गळती फक्त सांध्यातून असेल तेव्हाच ते टिकतं.

एकूण १२ ते १४ दिवस. घरात दुसरं बाथरूम नसेल तर शेजाऱ्यांशी आधीच बोला.

कोयनाकाठ – ६ एप्रिल, दुपारी १:३०

टाइल्स उरल्या आणि दुकानाला परत दिल्या तर हप्त्यांचं काय होतं?

जमाखर्च – ६ एप्रिल, दुपारी २:०५

हप्ते आपोआप कमी होत नाहीत. दुकानाने कार्डावर पैसे परत केले तरी ते खात्यात जमा म्हणून दिसतात आणि हप्ता ठरल्याप्रमाणे चालू राहतो. पूर्ण व्यवहार रद्द झाला असेल तर बँकेला कळवून हप्ता बंद करून घ्यावा लागतो. आधीच लागलेली फी आणि कर बहुधा परत मिळत नाहीत. मुदतीआधी फेडायचं म्हटलं तर उरलेल्या मुद्दलावर साधारण ३ टक्के आणि जीएसटी. त्यामुळे मोजणी आधी पक्की करा आणि बिल फाडाल तर एकदाच फाडा.

तिसरा_मजला – १४ एप्रिल, रात्री १०:००

तपासणी झाली. लाइनचा दाब टिकला, पण रंगीत पाणी १६ तासांत खाली दिसलं. म्हणजे जमीनच. डक्ट कोरडा आहे. दुकानदार रोखीला २ टक्के सोडतो म्हणाला, म्हणून हप्तेच. १३ मेला दोन्ही दुकानांची खरेदी, १५ मेला तोडफोड. ऑटोपे 'किमान'वर होतं, ते 'पूर्ण' केलं. टाइल्स आत्ताच निवडून ठेवू का, की १३ तारखेलाच?

ओळंबा – १४ एप्रिल, रात्री १०:२०

निवडा आत्ता, थोडी अनामत रोख देऊन ठेवा आणि बाकीचं बिल १३ लाच. खोक्यावरचा बॅच आणि शेड नंबर कागदावर लिहून घ्या, दुकानदाराची सही घ्या. महिन्याने दुसऱ्या बॅचची खोकी आली की एका भिंतीवर दोन पांढरे दिसतात. २२५ चौ. फुटांत दहा टक्के जास्तीचे धरलेले आहेत, त्यातल्या पाच-सहा टाइल्स माळ्यावर ठेवून द्या. आणि माल घरी आला की मिस्त्री यायच्या आधी प्रत्येक खोक्यावरचा नंबर तपासा, एकदा टाइल बसली की दुकानदार बदलून देत नाही.

हिशेबी – १४ एप्रिल, रात्री १०:३५

अनामत दिलीत तर हप्त्यांची रक्कम तेवढी कमी होईल. दुकानाच्या योजनेत किमान रकमेची अट असते, ती खाली जात नाही ना, एवढं विचारून घ्या.

तिसरा_मजला – १५ एप्रिल, सकाळी १०:१०

विचारलं. २५ हजारांची अट आहे. २ हजार अनामत दिली तरी ३१ हजार राहतात, हप्ता ५,१६७.